डावीकडून दुसरा खांब

मुहर्रक, १२ ऑक्टोबर १९९८

चि. सबीका,
सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र गेल्या रमजानमध्ये आलं आणि मी उत्तर आता लिहितो आहे. रागावू नकोस. एकदा अर्धं लिहून झालं होतं, त्यावर कॉफी सांडली. मग तुझ्या लुलवाकाकूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नंतर पुन्हा लिहायला बसलो तर वाटलं, आता इतका उशीर झाला आहे की माफी मागण्यातच एक पान जाईल. आणि मी मुल्लाच्या शाळेत जेमतेम अक्षरं जोडण्यापर्यंत पोचलो होतो, हे तुला ठाऊक आहे. एक पान म्हणजे माझी अख्खी दुपार. लुलवा म्हणते, "तुमचं पत्र पोचेपर्यंत पोरगी आजी होईल." डोळ्याला पट्टी आहे, जिभेला नाही.

आता कामाचं. बाजारातलं कॅसेटचं दुकान मी बंद केलं. कॅसेटी कोणी घेत नाही, आणि रेडिओ दुरुस्त करायचा तर माझा हात कापतो. सामान आवरताना बिस्किटांच्या डब्यात एक मोठी फीत सापडली. जुन्या काळची, चक्रावर गुंडाळलेली. वर खडूनं लिहिलं आहे, "बैठक, शाहीन."

तुझ्या बापाच्या, शाहीनच्या हयातीत एक रेडिओवाला आमच्या बैठकीत यंत्र घेऊन आला होता. मोत्यांच्या बोटी तेव्हा बंद पडत आल्या होत्या. खलाशी बैठकीत जमून बोटीवरची गाणी म्हणत. त्या संध्याकाळी शाहीन होता, मीही होतो, मागे बसून टाळ्या वाजवत होतो. ही फीत केव्हाच हरवली असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिच्याशिवाय माझ्या भावाचा आवाज जगात कुठेच नाही.

मी ती वीतभर लावून पाहिली आणि घाबरून बंद केली. फितीची तपकिरी पूड यंत्रावर पडते. शिवाय गाण्याखाली सारखी घोंघों चालू आहे. मनामाच्या बाजारात वर्गीस म्हणून केरळचा माणूस आहे, त्याचं रेकॉर्डिंगच्या सामानाचं दुकान आहे. तो म्हणतो, "बाबा, आधी अॅनालायझर घ्या. आवाजात घाण कुठे आहे ते तो दिव्यांनी दाखवतो. मग ती काढता येते." त्याच्याकडे दोन-तीन तऱ्हेचे आहेत. तो एक सांगतो, पेटीवर दुसरंच लिहिलेलं असतं. तू कैरोत रात्रंदिवस हेच काम करतेस. कुठला घेऊ ते सांग. चुकीचा घेतला तर माझ्याकडून काही बिघडेल, ही धास्ती आहे.

तुझा काका,
घानिम

•

कैरो, ३ नोव्हेंबर १९९८

प्रिय काका,
सलाम.

पत्र वाचून मी स्टुडिओतच खाली बसले. आमचा वादक शुक्री तबला सोडून धावत आला, त्याला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, "गेलं नाही, सापडलं."

बाबा गेले तेव्हा मी मांडीवरची होते. आई मला घेऊन इथे माहेरी आली आणि शेवटपर्यंत त्यांच्याबद्दल फार बोलली नाही. माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे, त्यातही ते अर्धे सावलीत आहेत. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, दिवसभर लोकांचे आवाज घासूनपुसून नीट करते आणि स्वतःच्या बापाचा आवाज कसा होता ते मला माहीत नाही.

काका, ती फीत सरळ मला पाठवून द्या ना. तुम्ही नाही म्हणणार, हेही मला दिसतं आहे. पाठवत नसाल तर ऐका.

अॅनालायझर काही साफ करत नाही. तो फक्त दाखवतो. खोल, जाड आवाज डावीकडे, पातळ चिरके उजवीकडे, आणि जो जोरात असेल त्याचा दिव्यांचा खांब उंच. एका जातीत दहाच खांब असतात. ते लग्नाच्या बँडवाल्यांना ठीक. एका खांबात पुष्कळ सूर कोंबलेले असतात, त्यामुळे घाण आणि गाणं शेजारी शेजारी असलं तर वेगळं दिसत नाही. दुसऱ्या जातीत एकतीस खांब असतात. तो घ्या. तिसरी जात कंप्युटरवरची, ती सुरांचा नकाशाच काढते, कुठला सूर कधी सुरू झाला नि कधी थांबला ते दिसतं. पण ती तुमच्या घरात चालायची नाही. आमच्या मालकानं इथेही अजून घेतलेली नाही.

घोंघों विजेची असणार. ओळखायचं कसं ते सांगते. फीत थांबवा, यंत्र चालू ठेवा. डावीकडचा जो खांब तरीही पेटलेला राहील ती वीज.

पूड पडते म्हणजे ती फीत एकदाच वाजेल, दुसऱ्यांदा नाही. एरवी मी सांगितलं असतं, जशी आहे तशी उतरवा, साफसफाई मागाहून. पण कॅसेट अरुंद असते. एवढी मोठी घोंघों तिच्यावर गेली तर गाण्याला जागाच राहणार नाही. म्हणून मधे इक्वलायझर जोडा, म्हणजे एकेका खांबाचा आवाज कमीजास्त करायच्या कळांची पेटी, आणि विजेचा तो खांब जिथे असेल तिथली कळ पूर्ण खाली करून मगच कॅसेटवर घ्या.

आणि एक सांगा. इतक्या माणसांत बाबा मी ओळखू कसे? बायकांना बैठकीत येऊ देत नाहीत. नऊ वर्षांची असताना मुहर्रकला आले होते तेव्हा मी बाहेर चपलांजवळ उभी होते आणि तुम्ही बोट धरून मला परत नेलं होतं. रेडिओवर कधी ती गाणी लागली तेवढीच ऐकली आहेत.

काकूला डोळा चोळू देऊ नका.

तुमची,
सबीका

•

मुहर्रक, २९ नोव्हेंबर १९९८

चि. सबीका,
आशीर्वाद.

कॅसेट इथल्या शाळेतले मास्तर नबील यांच्या हाती देतो आहे. ते सुट्टीला कैरोला येत आहेत, टपालावर माझा भरवसा नाही. विमानतळावरच्या त्या तपासणीच्या यंत्रातून नेऊ नका, खिशात ठेवा, असं त्यांना बजावलं आहे. ते हसले.

आता जे झालं ते सगळं सांगतो, म्हणजे काही चुकलं असेल तर तुला कळेल.

वर्गीसकडे गेलो. एकतीस खांबांचा त्यानं काढून दाखवला. पोरी, त्यावरचे दिवे मुंग्यांएवढे! मी चष्मा काढला, घातला, लुलवाचा चष्मा लावून पाहिला. मला एक हिरवट पट्टा दिसत होता, बस. वर्गीस म्हणाला, "बाबा, तुम्ही हा दहावाला घ्या. दिवे बोराएवढे आहेत. घोंघों काय, यातही दिसेल."

मी म्हटलं, "पुतणीनं एकतीस सांगितलेत."

"पुतणीचे डोळे किती वर्षांचे?" तो म्हणाला.

मी बाहेर गेलो, चहा घेतला, परत आलो, परत बाहेर गेलो. लुलवा दुकानात खुर्चीवर बसून होती. ती म्हणाली, "लग्नाला मुलगी बघतानासुद्धा एवढा वेळ घेतला नव्हतात." शेवटी दहावाला घेतला. न दिसणाऱ्या एकतीसपेक्षा दिसणारे दहा बरे, असं वाटलं. चुकलं का? चुकलं असेल तर मला सांगू नकोस. नाही, सांग.

घरी आल्यावर तू लिहिलंस तसंच केलं, मधे दुकानातला जुना इक्वलायझर जोडला. फीत थांबवून यंत्र चालू ठेवलं, तर डावीकडून दुसरा खांब पेटलेलाच. फ्रिज बंद केला तरी पेटलेलाच. म्हणजे वीज. मग फीत थोडीशी चालू केली तर तो खांब वरपर्यंत चढला, सगळ्यांत उंच. मला वाटलं, एवढी वीज! म्हणून इक्वलायझरच्या डावीकडच्या पहिल्या दोन्ही कळा पार खाली केल्या. लुलवाला म्हटलं, खोकू नकोस, आणि फीत सोडली.

ती शेवटपर्यंत वाजली, अल्लाहची कृपा. थांबली तेव्हा चक्रावर नुसती पारदर्शक पट्टी उरली होती आणि खाली बशीत पूड. लुलवानं बोट लावून पाहिलं आणि ती म्हणाली, "एवढ्यात सगळे बसले होते?"

कॅसेट माझ्या छोट्या टेपवर ऐकली. घोंघों अजिबात नाही. काचेसारखी स्वच्छ. मला फार बरं वाटलं.

शाहीन ओळखायचा कसा, असं विचारतेस. अगं, आमच्या बैठकीत तो कधी कोणाला दाखवून द्यावा लागला नाही. आंधळ्यालाही कळायचा. तू त्याचं रक्त आहेस, तुला कळेलच.

घानिम

•

कैरो, ९ जानेवारी १९९९

प्रिय काका,
सलाम. रमजान कसा चालला आहे? काकूचे उपास डॉक्टरांनी बंद केले असतीलच, तुम्ही तिच्याशी भांडू नका.

मास्तर नबील यांनी कॅसेट खिशातूनच काढून दिली, अगदी तुमच्या हुकमाप्रमाणे. त्या दिवशी मी ती लावली नाही. भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर स्टुडिओत एकटी बसले आणि लावली.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. मला कळलं.

दुसऱ्या गाण्यात टाळ्या सुरू होतात, मातीच्या घड्यांवर थापा पडतात, आणि मग तो आवाज वर जातो. किती वर! मला वाटलं, आता फाटणार, आता फाटणार, पण तो तिथेच थांबून वळतो, उन्हात पतंग वळावा तसा. मी टेप बंद केला आणि मोठ्यानं म्हटलं, "बाबा." स्टुडिओत कोणी नव्हतं म्हणून बरं.

याह्याला ऐकवलं. तो आता तेवीस वर्षांचा घोडा झाला आहे, कशाला रडत नाही. तो रडला. मग म्हणतो, "आई, तुझं नाक आजोबांचं आहे म्हणतात, गळा नाही आला वाटतं!" मी त्याला उशी फेकून मारली.

काका, तुम्ही हे वाचवलंत. दहा खांबांचं काय घेऊन बसलात, चाललं की! एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी याह्याचं लग्न आहे. नवरदेव मांडवात येईल तेव्हा ढोलताशांच्या ऐवजी हा आवाज लावायचा, असं त्यानंच ठरवलं आहे. पाहुण्यांना त्याची डिस्क भेट द्यायची. तुम्ही दोघं या. तिकिटाचं आम्ही बघतो.

तुमची,
सबीका

•

मुहर्रक, २० फेब्रुवारी १९९९

चि. सबीका,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. इथे वारा फार आहे.

लुलवाचा डोळा बरा आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन डॉक्टर पुढे म्हणतात. एवढा प्रवास आता आम्हा दोघांना झेपायचा नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. याह्यासाठी खजुराचा डबा कोणाच्या तरी हाती पाठवतो.

तो आवाज गोड आहे खरा. बैठकीत सगळे त्याला मानत.

डिस्कची घाई करायलाच हवी का? लग्नात ढोलताशेही चांगले वाटतात. माझं आपलं म्हणणं. तू जाणती आहेस.

हल्ली मला झोप लागत नाही, म्हणून अक्षर असं आलं आहे.

घानिम

•

कैरो, १४ मार्च १९९९

प्रिय काका,
सलाम.

तुमचं एवढंसं पत्र वाचून मला काळजी वाटली. तब्येत बरी आहे ना? की काकूचं काही लपवता आहात? तुम्ही काहीतरी लपवता तेव्हा वाऱ्याबद्दल लिहिता, आईनं मला सांगून ठेवलं आहे.

इथली बातमी ऐका. मालकानं अखेर कंप्युटर आणला, आणि त्यावर तो नकाशा काढणारा अॅनालायझर. स्टुडिओतले सगळे मुहम्मद, महमूद त्यावर स्वतःचं नाव बोलून स्वतःचा नकाशा बघत होते. मी तुमची कॅसेट लावली. बाबांचा आवाज काय दिसतो म्हणून सांगू! केशरी दोरी हवेत सोडल्यासारखा.

तुमची साफसफाई चांगली झाली आहे, तळ अगदी काळाभोर. फक्त एक कचरा राहिला आहे. बाबा गातात तिथे खाली अगदी पुसट रेषा दिसतात, एकावर एक, सारख्या अंतरावर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. सगळ्यांत खालची पायरी नाही, ती तुमच्या कळांनी गेली असावी. कानाला काही ऐकू येत नाही. विजेची रेष सरळ असते, या मात्र किंचित थरथरतात. बाबांचा सूर लांबला की मधेच तुटतात आणि बाबा थांबायच्या आत पुन्हा सुरू होतात. बाबा थांबतात तेव्हा मात्र कधीच तुटत नाहीत. त्या रेडिओवाल्याच्या यंत्राची मोटर अडखळत असणार. आता एकेक रेष निवडून पुसता येते. ते काम मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बसून करणार आहे, म्हणजे बाबा एकटे, स्वच्छ ऐकू येतील. एक एप्रिलला डिस्क प्रती काढायला जाईल. वर नाव छापायला दिलं आहे, "गायक : शाहीन, मुहर्रक."

येत नाही म्हणालात त्याचं वाईट वाटलं. बाकी लिहा.

तुमची,
सबीका

•

मुहर्रक, २४ मार्च १९९९

सबीका, पोरी,

त्या रेषा पुसू नकोस.

हे पहिलं लिहिलं, कारण पुढचं लिहिताना माझा हात थांबला तरी एवढं तरी तुझ्यापर्यंत जावं. आता सावकाश सांगतो.

काल तुझं पत्र आलं. मी लगेच फोन करायला गेलो. तुझ्या स्टुडिओत ज्यानं उचलला तो तुमच्या मिसरी बोलीत इतका भराभरा बोलत होता, आणि मला फोनवर ऐकू येतं निम्मं. मी ओरडलो, "रेषा पुसू नका!" त्याला मी लग्नाचं रेकॉर्डिंग ठरवायला आलेलं गिऱ्हाईक वाटलो असणार, तो म्हणाला, "काका, वधूपक्ष की वरपक्ष?" मी म्हटलं, "सबीका!" तो म्हणाला, सबीकाताई पोर्ट सईदला रेकॉर्डिंगला गेल्यात, चार-पाच दिवसांनी येतील, लग्नाची तारीख सांगून ठेवा. मी पुन्हा रेषांचं सांगितलं. तो म्हणाला, "हो हो, गाडी पाठवतो." मी फोन ठेवला. घरी केला तर कोणी उचलत नाही. ईद तोंडावर आली आहे, टपाल बंद होईल, म्हणून हे पत्र मास्तर नबील यांच्या भावाच्या हाती देतो आहे. तो आज निघतो. तुझ्या दारात नेऊन दे, आणि कोणी नसेल तर पायरीवर बसून राहा, असं त्याला सांगितलं आहे.

तो उंच आवाज तुझ्या बापाचा नाही. तो बखीतचा आहे. बखीत आमचा गाणारा, बोटीवरचा आणि बैठकीतलाही. त्याला जाऊन वीस वर्षं झाली. तुझं जानेवारीचं पत्र वाचलं तेव्हाच मला हे लिहायला हवं होतं. बसलो होतो लिहायला. तू "बाबा" म्हणून हाक मारलीस ते वाचलं आणि लेखणी उचलेना. म्हणून वाऱ्याबद्दल लिहिलं.

शाहीन गात नसे. शाहीन खर्ज धरायचा.

तुला हे कसं माहीत असणार? तू चपलांजवळ उभी होतीस. आणि रेडिओच्या डब्यातून तो आवाज बाहेर येतच नाही. आमच्या गाण्यात गाणारा वर जातो आणि एक माणूस खाली राहतो, गाणाऱ्याच्या पार खाली. शब्द नाहीत, तोंड मिटलेलं, छातीतून. बाकीचे त्याला साथ देतात, पण धरतो एकच. ते ऐकू येत नाही, लागतं. चटईला लागतं, मांडीला लागतं. शाहीन खर्ज धरायचा तेव्हा माझ्यासमोरच्या पेल्यातली कॉफी थरथरायची. बखीत म्हणायचा, "शाहीन खाली आहे तोवर मी कितीही वर जातो, पडलो तर त्याच्यावर पडेन." आम्हाला ते इतकं साधं होतं की "तुझा बाप खर्ज धरायचा" हे चार शब्द तुला लिहायचं मला सुचलं नाही. मी लिहिलं, तू त्याचं रक्त आहेस, तुला कळेलच. तुला कसं कळणार होतं? मी त्याला आधीच पुसून टाकलं होतं.

तो दुसरा खांब. त्यात वीज होती, तुझी परीक्षा बरोबरच होती. फीत थांबली तरी तो पेटलेला राहिला ती वीज. पण फीत चालू केल्यावर तो वरपर्यंत चढला, तो शाहीन होता. दोघं एकाच खांबात. मला वाटलं, एवढी वीज. मुंग्यांएवढ्या दिव्यांचा तो अॅनालायझर घेतला असता तर कदाचित दोन खांब वेगळे दिसले असते. लुलवा म्हणते, "तुम्हाला दिसले नसतेच." कदाचित. मग तिला तरी बरोबर बघायला लावलं असतं, पट्टी नसलेल्या डोळ्यानं. दिवसभर माझ्या डोक्यात हेच चालतं. तुझा यात दोष नाही, तू न पाहिलेल्या गोष्टीबद्दल सांगितलंस. पाहिलेला मी होतो.

कॅसेट ऐकली तेव्हा तरी कळायला हवं होतं, नाही का? माझ्या त्या हातभर टेपमधून खर्ज कधीच येत नव्हता. इतकी वर्षं ती गाणी मी तशाच डब्यावर ऐकत आलो आणि खालचं मनानं भरून घेत आलो. तुझं जानेवारीचं पत्र आल्यावर कॅसेटची दुसरी प्रत घेऊन बैठकीत गेलो. तिथे मोठे स्पीकर आहेत. पाच-सहा म्हातारे उरलेत. बखीत वर गेला, आणि ते सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जुमआन म्हणाला, "अरे, हा हवेत गातोय. खाली कोण आहे?" मी खाली चटईकडे बघितलं. मग त्याला कळलं. तो म्हणाला, "घानिम, घर आणलंस, पाया कुठे विकलास?" सगळे हसले, आणि मग कोणी हसेना. नंतर आम्ही कॉफी घेतली.

फितीची पारदर्शक पट्टी आणि पूड मी डब्यात परत ठेवली आहे. तिच्यात काही नाही, मला माहीत आहे. टाकवत नाही.

मला वाटत होतं की शाहीन गेला. दोनदा गेला, एकदा बसऱ्याच्या वाटेवर तापानं आणि एकदा माझ्या हातून. काल तुझ्या रेषा वाचल्या.

पोरी, मी शिकलेला नाही, तो नकाशा मी पाहिलेला नाही. पण तू लिहिलंस ते परत वाच. गाणाऱ्याचा सूर लांबतो तेव्हा त्या मधेच तुटतात. गाणारा थांबतो तेव्हा कधीच तुटत नाहीत. खर्ज धरणाऱ्याचा नियमच तो आहे. गाणारा श्वास घेतो तेव्हा गाणं जमिनीवर पडू द्यायचं नाही, म्हणून खालच्यानं आपला श्वास आधीच चोरून घ्यायचा, गाणारा वर रंगलेला असताना, कोणाचं लक्ष नसताना. शाहीन तसाच घ्यायचा. मी शेजारी बसायचो, मला त्याची बरगडी हललेली कळायची.

ती मोटर नाही. मोटर श्वास घेत नाही. वीज श्वास घेत नाही.

सगळ्यांत खालची पायरी मी तोडली. पण वरच्या पायऱ्या त्याच्याच आहेत ना? तूच सांग, तुला कळतं. कानाला काही येत नाही म्हणतेस. न येऊ दे. तू त्याला बघ तरी.

बखीतचा आवाज मी तुझ्याकडून काढून घेतो आहे, याचं मला फार वाईट वाटतं. तू त्याच्यावर इतका जीव लावलास. याह्या रडला. तो आवाज लग्नात लावायला काही हरकत नाही, बखीतला आनंदच होईल, त्याला मूलबाळ नव्हतं. पण नाव बदल. बखीतचं नाव घाल. आणि खाली, लहान अक्षरांत चालेल, लिही की खर्ज शाहीनचा होता. तो दिसणार नाही, ऐकू येणार नाही, तरी लिही.

लुलवाला हे वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, एक गोष्ट लिहायची राहिली, ती लिहा. तू तान्ही असताना फार रडायचीस. तुझ्या आईकडे राहायची नाहीस, लुलवाकडे राहायची नाहीस. शाहीन बंदरावरून यायचा, अंगणात आडवा व्हायचा आणि तुला छातीवर पालथी घालून खर्ज धरायचा. तू गप्प. त्याच्या सदऱ्यावर लाळ गाळत झोपून जायचीस. लुलवा म्हणते, "त्या पोरीनं बापाचा आवाज ऐकला नाही असं कोण म्हणतं? ती त्याच्यावर झोपली आहे."

आता हा माणूस दारात उभा आहे, विमान चुकेल म्हणतो. तू पोर्ट सईदहून आलीस की आधी हे वाच, मग कंप्युटरला हात लाव. आधीच पुसल्या असशील तरी तेही सांग, लपवू नकोस, मी लपवून काय केलं ते तू पाहिलंसच. फोन नको, मला नीट ऐकू येत नाही. पत्र टाक, दोन ओळी टाक, "आहेत" किंवा "नाहीत" एवढंच लिही, पण लवकर लिही. मी रोज टपालवाल्याच्या वेळेला दाराबाहेर खुर्ची टाकून बसणार आहे.

घानिम